सांगलीतले चार दिवस: वेब, वेलांटी आणि हळद

शुक्रवार

परिषदेला येतेय म्हटल्यावर मावशीनं फोनवर एकच प्रश्न विचारला. "जेवण त्यांच्याकडं असतं का?" दुपारचं असतं म्हटलं, तर "मग रात्रीचं माझ्याकडं" असं तिनं जाहीर करून टाकलं आणि माझा राहण्याचा प्रश्न सुटला. बरोबर येणाऱ्या पोराचाही.

वेब डेव्हलपमेंट आणि डिजिटल माध्यमं या विषयांवर शनिवार-रविवार असा दोन दिवसांचा मेळावा होता. विश्रामबागेकडच्या एका कॉलेजचं सभागृह, दीडेकशे माणसं, जेवणासकट तीनशे रुपये वर्गणी. गळ्यात पट्टे होते, पण पाठीमागं कंपन्यांची तोरणं नव्हती. माझं साताऱ्यात पोवई नाक्याजवळ दोन खोल्यांचं ऑफिस आहे. शाळा, पतसंस्था, मंगल कार्यालयं यांच्या वेबसाईट करतो आम्ही. मराठी अक्षरं वेबपानावर नीट कशी दिसतील, यावर रविवारी मला वीस मिनिटं बोलायचं होतं. बरोबर ऑफिसातला सगळ्यात लहान पोरगा. त्याला सगळे बारक्याच म्हणतात. त्याची ही पहिलीच परिषद, म्हणून इस्त्रीचा शर्ट हँगरसकट वेगळ्या पिशवीत.

एसटीत माझं अर्धं तिकीट, त्याचं पूर्ण. "ताई, हे काय बरोबर नाही" हे उंब्रज येईपर्यंत तीनदा ऐकलं. मावशीसाठी घेतलेल्या कंदी पेढ्यांतला एक देऊन त्याला गप्प केलं. पेठ नाक्यावर हायवे सोडला की पुढं उसाच्या ट्रॉल्या. दोन दोन जोडलेल्या, मागं लाल फडकं, आणि बस त्यांच्या मागं मागं. फेब्रुवारीत या रस्त्यानं येणार असाल तर वेळापत्रकात अर्धा तास उसाचा धरा.

मावशी गावभागात, म्हणजे नदीजवळच्या जुन्या सांगलीत राहते. दारातून आत गेलं की डाव्या भिंतीवर पेन्सिलीची आडवी रेघ आहे, माझ्या कपाळाच्या वर. शेजारी २०१९ लिहिलंय. मधे घराला रंग दिला, पण तेवढा हातभर पट्टा तिनं तसाच ठेवला. सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी मोजतात. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. गावभागातल्या लहान पोरालाही हे आकडे पाढ्यांसारखे येतात.

"पावसाळ्यात रात्री तीनला उठून मोबाईलवर पातळी बघते मी," मावशी सांगत होती. "आकडा दिसतो, बोट लावायला जाते, तर तेवढ्यात वरनं काहीतरी घसरतं आणि गुडघ्याच्या तेलाची जाहिरात उघडते. पाणी कुठवर आलंय ते राहतंच."

बारक्यानं माझ्याकडं बघितलं. या प्रकाराला आमच्या धंद्यात नाव आहे, पण ते मावशीला सांगून काय उपयोग! तिनं भाकरी वाढली, आम्ही जेवलो. त्याआधी संध्याकाळी घाटावर जाऊन भेळ खाल्ली होती. सांगलीची भेळ भडंगाची असते, कुरमुऱ्याला आधीच लसणाचा आणि तिखटाचा हात लागलेला असतो. पुण्याची ओली गोड भेळ खाणाऱ्यांनी पाण्याची बाटली घेऊन बसावं.

शनिवार

नोंदणीच्या टेबलावर पोहे, चहा आणि गळ्यातली कार्डं. माझ्या कार्डावर आडनावातलं जोडाक्षर सुटं सुटं छापलेलं, पहिलं अक्षर पाय मोडून उभं. टेबलावरच्या मुलीनं "सॉरी मॅडम, सॉफ्टवेअरमध्ये बरोबर दिसत होतं" म्हटलं. मी ते कार्ड दोन्ही दिवस हौसेनं मिरवलं. रविवारच्या भाषणाला आयतं उदाहरण मिळालं होतं.

पहिलं सत्र वेबपानाच्या वेगावर. बोलणारी इचलकरंजीची मुलगी, पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करते. तिनं लॅपटॉप बाजूला ठेवला आणि चार वर्षं वापरलेला, काच तडकलेला फोन कॅमेऱ्याखाली धरला. म्हणाली, "हा माझ्या वडलांचा. आता मी बातम्यांचं एक पान उघडते. तुम्ही मोजा." सगळं सभागृह मोठ्यानं मोजायला लागलं. एक, दोन, तीन... अकराला बातमीचा फोटो दिसला. बेंगळुरूच्या एका मोठ्या परिषदेत याच विषयावर मी पाऊण तास आलेख बघितले होते. त्यातलं फारसं आठवत नाही. हे अकरा आकडे विसरायची नाही.

तिनं तीन मापं सांगितली, ती इथं देते, कारण रोजच्या उपयोगाची आहेत. पानावरचा सर्वात मोठा भाग, म्हणजे मुख्य फोटो किंवा मथळा, अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे. बोट लावल्यावर पानानं दोनशे मिलिसेकंदांत हालचाल दाखवली पाहिजे. (हे माप मार्च २०२४ मध्ये नव्यानं आलं; त्याआधी फक्त पहिल्या स्पर्शाची दिरंगाई मोजायचे, आता वाचक पानावर आहे तोवर बोट लावेल तितक्या वेळा मोजतात.) आणि तिसरं, पान वाचताना मजकूर जागचा हलता कामा नये. या हलण्याला गुण देतात, शून्य म्हणजे अजिबात हलला नाही; तो ०.१ च्या आत हवा.

तिसऱ्यावर मी हात वर केला आणि मावशीच्या गुडघ्याच्या तेलाची गोष्ट सांगितली. हशा झाला, पण ती मुलगी हसली नाही. म्हणाली, "एसटीत रुमाल टाकून जागा धरतो की नाही आपण? तसं जाहिरातीसाठी आधीच उंची धरून ठेवायची. फोटोला रुंदी-उंची लिहून टाकायची. मग जाहिरात उशिरा आली तरी आपल्या जागेवर गप बसते, कुणाला उठवत नाही." माझ्या वहीत त्या दिवसाचं पान भरून खरडलंय. त्यात ठळक फक्त 'रुमाल' एवढाच शब्द आहे.

पावणेबाराला लाईट गेले. कॉलेजच्या जनरेटरवर पंखे चालले, प्रोजेक्टर नाही. दुसरा वक्ता पडद्याकडं बघत उभा राहिला. आमच्या आयुष्यात पडदा गेला की बोलणं जातं, अशी सवय लागली आहे खरी. शेवटी सगळे व्हरांड्यात आले, कट्ट्यावर बसले, आणि त्यानं फॉन्टच्या फाईली हलक्या कशा करायच्या ते नुसतं तोंडानं सांगितलं. देवनागरी फॉन्ट जोडाक्षरांमुळं जड असतो, म्हणून लोक त्यातली न लागणारी अक्षरं काढून टाकतात. पण आंधळेपणानं काढली तर जोडाक्षरंच जातात आणि पानभर पायमोडकी अक्षरं उरतात. मी गळ्यातलं कार्ड वर करून दाखवलं.

जेवण मात्र कुठल्याही मोठ्या परिषदेनं लाजावं असं. मसालेभात, कृष्णाकाठच्या वांग्यांची भाजी, जिलेबी, मठ्ठा. ही वांगी हिरवी-पांढरी, पातळ सालीची असतात, बिया तोंडात येत नाहीत. पंगतीत माझ्याशेजारी आयोजकांपैकी एक दादा होते. वेबसाईट करायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवाल्यांच्या परिषदा, म्हणजे वर्डकॅम्प, २००६ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाल्या. आशियातली मोठी वर्डकॅम्प २०२० ला बँकॉकला व्हायची होती. दादांनी तिकीट काढलं, घरी सांगितलं, गावात सांगितलं, आणि कोरोनामुळं ती रद्द झाली. "तीन वर्षं लोक विचारायचे, बँकॉक कसं होतं?" शेवटी २०२३ च्या फेब्रुवारीत तिथंच झाली तेव्हा ते गेले. तिथून परत येताना विमानात ठरवलं म्हणे, आपल्या गावात आपल्या भाषेत असं काही करायचं. वर्गणी तीनशेच का, असं विचारलं तर म्हणाले, "आटपाडीच्या पोराला एसटीचं भाडं धरून परवडलं पाहिजे."

जेवणानंतर डिजिटल माध्यमांचं सत्र. स्थानिक बातम्यांचे यूट्यूब चॅनेलवाले, पोर्टलवाले, एक-दोन जुने पत्रकार. "गावोगावी पोर्टलचं पेव फुटलंय" हे वाक्य तासाभरात चार जणांनी म्हटलं आणि प्रत्येकानं स्वतःचं पोर्टल सोडून म्हटलं. कामाचं जे निघालं ते असं: खेड्यातला वाचक साईटचा पत्ता टाकून येतच नाही, तो व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवरून येतो. म्हणजे बातमीचं दार म्हणजे ती लिंक पाठवल्यावर दिसणारा छोटा चौकोन. त्यातला फोटो आणि मथळा पानाच्या कोडच्या माथ्यावर वेगळा लिहून द्यावा लागतो. न लिहिल्यास फोटो येतच नाही किंवा भलताच लागू शकतो. एका पोर्टलच्या शोकवार्तेला महिनाभर सोन्याच्या दुकानाचा फोटो लागत होता. सांगणाऱ्यानं ते हसत सांगितलं, पण त्या घरच्यांचा फोन आला तेव्हा हसला नसणार.

आणि मग ते गृहस्थ उठले.

सत्तरीचे, पांढरा सदरा, टोपी. पलूस तालुक्यातल्या नदीकाठच्या गावातून साप्ताहिक चालवत होते, आता बंद आहे. त्यांचा प्रश्न साधा होता. १९९८ पासूनचे चौदा वर्षांचे अंक सीडीवर आहेत. छापील फाईली २०१९ च्या पुरात लगदा झाल्या. सीडी माळ्यावर पत्र्याच्या डब्यात होत्या म्हणून वाचल्या. पण आता उघडलं की मजकूर इंग्रजी गिचमिड दिसतो. काय करायचं?

मंचावरून उत्तर आलं, "काका, ऑनलाईन कन्व्हर्टर असतात, सर्च करा." पुढचा प्रश्न.

मला ते बरं वाटलं नाही. चहाला त्यांना गाठलं. ते काका म्हणाले, कन्व्हर्टर करून बघितलाय, निम्मी अक्षरं इकडची तिकडं होतात. होणारच. त्या काळच्या फॉन्टमध्ये मराठी अशी नव्हतीच. इंग्रजी 'डी' च्या जागेवर 'क' चं चित्र, कशाच्या तरी जागेवर वेलांटीचं चित्र. तो फॉन्ट काढला की खाली इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. त्यातही प्रत्येक कंपनीच्या फॉन्टचा नकाशा वेगळा. युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडं चालणाऱ्या अक्षरांच्या सामाईक पद्धतीत, आपण बोलतो त्या क्रमानं अक्षरं ठेवतात: 'कि' मध्ये आधी क, मग वेलांटी. जुन्या फॉन्टमध्ये डोळ्याला दिसतं त्या क्रमानं: आधी वेलांटी, मग क. रफाराचं उलट. तो उच्चारात आधी, पण चित्रात अक्षराच्या डोक्यावर, म्हणून टाईप करताना मागून.

मी हे कागदावर काढून दाखवत होते, तर काकांनी मला मधेच थांबवलं. "म्हणजे खिळ्यांसारखंच की वो."

काका तरुणपणी छापखान्यात कंपोझिटर होते, म्हणजे धातूचे अक्षरांचे खिळे जुळवणारे. "खिळे जुळवताना वेलांटी आधी उचलायची, अक्षर मागनं. हाताला सवय होती. ते कॉम्प्युटरवाले पण तसंच करत होते म्हणा." मला हे समजायला कॉलेजनंतर दोन वर्षं लागली होती. त्यांना चहा संपायच्या आत समजलं.

पुढची अडचण वेगळीच. डबा त्यांनी बरोबर आणला होता, चौदा सीडी, पण दीडशे लॅपटॉपांत एकालाही सीडीची खाच नाही. शेवटी कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांनी अडगळीतला एक जुना कॉम्प्युटर चालू करून दिला. बारक्या संध्याकाळची सत्रं सोडून तिथं बसला. साडेसातपर्यंत बारा सीडी पेनड्राईव्हवर आल्या. दोन नुसत्याच घरघरल्या. शर्टाची इस्त्री कधीच गेली होती.

रविवार

माझं भाषण साडेदहाला. आता पुढचं लिहायला जरा लाज वाटते.

मी स्लाईड पेनड्राईव्हवर दिल्या. मंचावरच्या लॅपटॉपमध्ये जुनं सॉफ्टवेअर. 'मराठी अक्षरं वेबवर नीट कशी दिसतील' या शीर्षकाची अक्षरं पडद्यावर चौकोन होऊन उभी राहिली. एक सलग रांग, रिकामे चौकोन. सभागृहात क्षणभर शांतता आणि मग जे काही हसू फुटलं! (सूचना: स्लाईड नेहमी पीडीएफ करूनही न्या, फॉन्ट आत घालून. ही सूचना मी माझ्या ग्राहकांना गेली सहा वर्षं देत आले आहे.)

सुदैवानं कॉलेजचं सभागृह. पडद्यामागं फळा होता. खडू मिळाला.

फळ्यावर 'सांगली' लिहिलं आणि विचारलं, अक्षरं किती? तीन, सगळे म्हणाले. कॉम्प्युटरला विचारलं तर तो सहा म्हणतो: स, काना, अनुस्वार, ग, ल, दुसरी वेलांटी. तो प्रत्येक तुकडा वेगळा मोजतो. म्हणून 'नाव वीस अक्षरांत लिहा' असं बंधन घातलं की मराठी माणसाचं नाव मधेच तुटतं. आमच्याच एका कामात पावतीवर एका पाटीलसाहेबांचे 'पाटी' झाले होते. माणसासारखं मोजायची सोय आता सगळ्या मुख्य ब्राउझरमध्ये आहे, एप्रिल २०२४ मध्ये फायरफॉक्समध्ये आली आणि राहिलेली कसर भरून निघाली. ती वापरा. एसएमएस पाठवणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा, की इंग्रजी एसएमएस एकशे साठ अक्षरांचा, मराठी सत्तरचा, आणि त्या सत्तरात काने-मात्रेही मोजले जातात. पतसंस्थांचं बिल दुप्पट का येतं ते इथं आहे.

मग इंग्रजी डिझाईनवाल्यांची आवडती खोड: अक्षरांत अंतर सोडणं. इंग्रजीत ते ऐटबाज दिसतं. देवनागरीत शिरोरेघ तुटते, आणि वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी मधे मधे कापल्यासारखं दिसतं. बटणाची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापानं ठेवली तर खालचा उकार कापला जातो, 'मूल्य' चं 'मल्य' होतं. इथवर ठीक चाललं होतं.

मग 'ल' वर आले. पानाची भाषा मराठी आहे, असं पानाच्या कोडमध्ये सुरुवातीलाच सांगायचं असतं, 'एमआर' अशी खूण करून. फॉन्टमध्ये सोय असेल तर त्या एका खुणेवर 'ल' आणि 'श' ची मराठी वळणं येतात, नाहीतर हिंदी वळणं दिसतात. २०२२ च्या नोव्हेंबरात राज्य सरकारनंही पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' वापरायचा निर्णय काढला. मी फळ्यावर दोन्ही 'ल' काढले. तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

"ताई, पाकळी अशी नसते."

कालचे काका. मी खडू पुढं केला. ते आले, सदऱ्याची बाही वर केली, आणि फळ्याच्या मधोमध वीतभर उंचीचा 'ल' काढला. घाई नाही. आधी डावी पाकळी, खडू न उचलता उजवी, मग दंड, शेवटी शिरोरेघ. दोन्ही पाकळ्या सारख्या भरल्या, मधली खाच टोकदार. मी फॉन्टवर बोलणारी, माझा 'ल' त्याच्या शेजारी चिरडलेल्या माशीसारखा दिसत होता. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच. बहुतेकांनी फोटो काढले ते त्या 'ल' चे. माझी वीस मिनिटं तिथंच संपली.

दुपारी बारकॅम्पच्या पद्धतीची मोकळी सत्रं होती. ही पद्धत २००५ साली कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोत सुरू झाली. वक्ते ठरलेले नसतात; भिंतीवर कोरे कागद, ज्याला जे बोलायचं त्यानं विषय लिहून लावायचा, आणि ज्याला पटेल त्यानं जाऊन बसायचं. परिषदेला पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हा भाग चुकवू नये. दडपण सगळ्यात कमी इथं असतं. भिंतीवर 'फ्रीलान्सचे पैसे बुडाले तर', 'द्राक्षबागेचं अॅप, कुणी वापरत नाही, का?' असे कागद होते. (द्राक्षांच्या अॅपवर सर्वाधिक गर्दी. उत्तर तिथल्याच एका बागायतदार पोरानं दिलं: फवारणी करताना हातात हातमोजे असतात.) एका कोपऱ्यात बारक्याच्या अक्षरातला कागद दिसला: 'जुना फॉन्ट ते युनिकोड. बारा सीडी आहेत. कोण येतंय?'

अकरा जण आले. जतची एक मुलगी, दोन वर्षांपूर्वी पदवी झालेली, नोकरी शोधतेय. तिनं काकांना शेजारी बसवून गिचमिडीचा एकेक तुकडा कुठलं अक्षर आहे ते विचारून नकाशाच करायला घेतला. काका एक जुना छापील अंक घेऊन आले होते, पुरात कुणाच्या तरी घरी वाचलेला. त्यात बघून ते सांगायचे, ती लिहायची. संध्याकाळी सभागृह झाडायला आलेल्या मावशींनी दोनदा हटकलं तेव्हा उठले.

सोमवार

परतीची एसटी दुपारची ठेवली होती. सकाळी मार्केट यार्डात हळदीचे सौदे बघायला गेलो. सांगलीला आला असाल आणि हंगाम असेल, तर हे चुकवू नका. फक्त पांढरे कपडे घालू नका. हवाच पिवळी असते. हमालांच्या भुवया पिवळ्या, चहाच्या कपाच्या कडा पिवळ्या. खरेदीदार राशीतलं एक हळकुंड उचलतो, कानाजवळ नेऊन काडकन मोडतो, आतला रंग बघतो आणि दोन्ही तुकडे परत राशीत टाकतो. बोली पुढं सरकते. आम्हाला मुळात बोली कुठं सुरू झाली आणि कुठं संपली, तेच कळलं नाही.

एका अडत्यांनी बसवून घेतलं. त्यांच्या फोनवर दर कागदावर लिहून काढलेला फोटो होता, तो व्हॉट्सअॅपवर शेकडो शेतकऱ्यांना जातो. बारक्यानं विचारलं, "काका, वेबसाईट का नाही?"

"होती की. पोरानं करून दिलेली. ती उघडंपर्यंत सौदा संपतो."

बारक्या बाहेर येईपर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, साधा मजकूर ठेवला आणि फोटो काढून टाकला तर एका सेकंदात उघडेल." मी म्हटलं, जाऊन सांग की. तो गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा हातात नंबर होता आणि शर्टाला पिवळा पंजा.

तिथून रिक्षानं हरिपूर. रस्त्याला दुतर्फा चिंचेची जुनी झाडं, उन्हाचे ठिपके. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, दर्शन पाच मिनिटांत. आम्हाला खरं तर पेवं बघायची होती. हळद साठवायची जमिनीतली पोकळी. वरून माणूस कसाबसा उतरेल एवढं तोंड, आत खोल आणि ऐसपैस. तोंड बंद केलं की आतली हवा कोंडते, हळद वर्षानुवर्षं राहते, कीड लागत नाही. देवळाजवळ बसलेल्या एका आजोबांनी नेऊन दाखवलं. दाखवलं म्हणजे काय, जमिनीवरचा एक दगड दाखवला. "२००५ च्या पुरात पाणी शिरलं. लई पेवं गेली. आता लोक कोल्ड स्टोरेजला ठेवतात." पेव उघडलं की लगेच आत उतरत नाहीत, आतली वाईट हवा निघून जाऊ द्यावी लागते, हेही त्यांनी बजावून सांगितलं, आम्ही जणू आत्ताच उडी मारणार होतो.

"आणि फुटतं कसं पेव?" बारक्यानं विचारलं. शनिवारपासून त्याच्या डोक्यात ते घोळत असावं.

"फुटलं की घावंल तिकडं हळद," आजोबा म्हणाले. "आवरायची कशी!"

मावशीनं डब्यात भाकरी, वांग्याची भाजी आणि दोन किलो भडंग दिलं. भडंग घ्यायचं तर जायच्या दिवशीच घ्या, पिशवीत दाबलं की मऊ पडतं. निघताना तिच्या फोनवर पाण्याच्या पातळीचं एक हलकं पान मुख्य पडद्यावर ठेवून दिलं. फेब्रुवारीत पातळीला काय बघायचं, पण तिनं तीनदा उघडून बघितलं. जाहिरात आली नाही.

एसटीत बारक्यानं लॅपटॉप मांडीवर घेतला. जतच्या मुलीनं केलेला नकाशा आणि काकांचा १९९८ चा पहिला अंक. पहिला मथळा मराठीत उमटला: 'पाणी योजनेचे काम मागीर् लागणार'. रफार शेवटी लोंबकळत होता. त्यानं तो एक घर मागं सरकवला, तर वेलांटीच्या पोटात अडकला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की काना, मात्रा, वेलांटी जे असेल ते ओलांडून थेट व्यंजनाच्या आधी जायला हवं, आणि जोडाक्षर असेल तर अख्ख्या जोडाक्षराच्या आधी. पेठ नाका गेला. तो ओठ चावत लिहीत होता. मग एकदम कोपर लागलं मला.

"ताई, मार्गी लागलं!"

खरंच लागलं होतं. पुढची ओळ 'किर्लोस्करवाडी' नं सुरू होत होती. आधी वेलांटी, मग रफार, त्यात काना-मात्रा आणि वर अर्धा स. त्यानं ती ओळ नीट बघितली, लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, "कराड आलं. चहा घेऊ."